बीसीएसनंतर काय: इन्फर्मेशन सिस्टिम्स, सिक्युरिटी की मार्केटिंग कम्युनिकेशन? (सातारा)

चारभिंती_२१

नमस्कार. बीसीएस एंटायर (संगणकशास्त्राची तीन वर्षांची पदवी), शेवटचं वर्ष, सातारा. आतापर्यंत ६८ टक्के. प्रवर्ग ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. पुढे शिकायचंय एवढं ठरलंय, पण तीन वाटा समोर आहेत.

एक, एमबीए सिस्टिम्स (माहिती प्रणालींचं व्यवस्थापन) किंवा एमसीए (संगणक उपयोजनातली पदव्युत्तर पदवी). दोन, सायबर सिक्युरिटीमध्ये पदव्युत्तर पदवी. तीन, मार्केटिंग कम्युनिकेशन, कारण जाहिरात आणि मजकूर याकडेही ओढा आहे. या तिन्हींचं मिश्रण असलेला एखादा कोर्स आहे का? नसेल तर पदवी कशात घ्यावी आणि बाकीचं कसं जोडावं? सातारा-सांगलीत राहून जमेल की पुण्याला जाणं भागच आहे? मुलींच्या फी माफीचं नेमकं काय आहे?

‘आवडेल ते कर’ हे उत्तर घरी मिळालंय, त्यामुळे ते सोडून सांगा.

---

आयर्विनकर

ताई, तिन्हींचं मिश्रण विकणारे कोर्स असतात, पण अभ्यासक्रमाची पानं उलटून बघितली की प्रत्येक विषयाचे दोन-दोन पेपर निघतात. दोन पेपरवर ना सिक्युरिटीची नोकरी मिळत ना एजन्सीत कोणी उभं करत. पदवी एकाच गोष्टीची घ्या. बाकीच्या दोन गोष्टी प्रोजेक्टमध्ये आणा, तेही तिन्ही जिथे खरोखर एकमेकांत अडकतात असा विषय धरून.

आधी पात्रता बघू, कारण निम्म्या वाटा तिथेच बंद होतात.

एमटेक: अभियांत्रिकी पदवी किंवा समकक्ष लागते. त्यामुळे सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही नावं डोळ्यांसमोर असली तरी बीसीएसवर थेट तिथे जाता येत नाही. पुण्याच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेत सायबर सिक्युरिटीचं एमटेक आहे, तिथेही हीच अडचण. एमसीए झाल्यावर काही संस्थांत एमटेकची दारं उघडतात. गेट या एमटेकच्या परीक्षेला मात्र तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, स्कोअर तीन वर्षं चालतो आणि गेट पात्र एमटेक विद्यार्थ्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषद) दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. इथे गोंधळ हा होतो की गेटला बसता आलं म्हणून एमटेकला प्रवेश मिळेल असं मुलं धरून चालतात. परीक्षेची पात्रता वेगळी, प्रवेशाची वेगळी.

एमसीए: तुमच्यासाठी सरळ वाट. २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालंय. बीसीएसला ब्रिज कोर्स लागत नाही. बी.कॉम. किंवा बी.ए. करून येणाऱ्यांना बारावीत किंवा पदवीत गणित असावं लागतं, तुमचा तो प्रश्न नाही. सीईटी १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची, आणि त्यात संगणकाचा स्वतंत्र भाग असतो.

एमबीए: एमएएच-एमबीए सीईटी, २०० प्रश्न, १५० मिनिटे. तर्क ७५, आकृत्यांचा तर्क २५, अंकगणित ५०, इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. बीसीएसची मुलं इथे ज्ञानात कमी पडत नाहीत, वेळेत पडतात. एका कोड्याला तीन मिनिटं घालवली की चार प्रश्न गेले. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन टाकायचं.

सिक्युरिटीतच शुद्ध एमएस्सी हवं असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ बघा, तिथे सायबर सिक्युरिटीचं एमएस्सी आहे आणि संगणकातल्या तीन वर्षांच्या पदवीवर अर्ज करता येतो. सीडॅक या केंद्र सरकारी संगणक संस्थेचा डीआयटीआयएसएस हा सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा, सुमारे सहा महिन्यांचा, ९०० तासांचा, कामाच्या दृष्टीने दणकट आहे. पण साध्या तीन वर्षांच्या पदवीवर त्यात शिरता येईल असं गृहीत धरू नका. त्याची नैसर्गिक जागा एमसीएनंतर. त्याच्या सी-कॅट प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा, त्यामुळे एमबीए सीईटीची ‘सगळं भरा’ सवय इथे आणू नका.

माझं मत विचाराल तर एमसीए, कारण पुढे सिक्युरिटीत जा नाहीतर मार्केटिंगच्या तांत्रिक बाजूला, कोड वाचता येणारा माणूस दोन्हीकडे लागतो.

---

माहुली_घाट

फी माफीपुरतं बोलतो, कारण यात दरवर्षी मुली फसतात.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. एमसीए आणि एमबीए दोन्ही यात येतात. पण तीन अटी डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिली: प्रवेश कॅप राउंडमधूनच (राज्याची केंद्रीय प्रवेश फेरी) हवा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला सवलत नाही. ‘राउंडची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा’ असं काउंटरवर कोणी म्हणालं की समजून घ्यायचं, ती सीट कुठल्या खात्यातली आहे.

दुसरी: खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था आहे, पुण्यात सिम्बायोसिसच्या संस्था आहेत. शिकवणं चांगलं असेल, पण ती अभिमत विद्यापीठं आहेत, माफी तिथे धरू नका. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत, उदाहरणार्थ वर्ये इथल्या रयतच्या व्यवस्थापन संस्थेत, कॅपमधून आलात तर प्रश्न येत नाही.

तिसरी: सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, बस, हे वेगळं. प्रवेशापूर्वी फी नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली त्या संस्थेची फी बघा आणि त्यात शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या.

कागद: नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरची तारीख बघा, ते ज्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं ते सीईटीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. जुनं प्रमाणपत्र लावलं तर कॅपमध्ये तुम्ही खुल्या प्रवर्गात ढकलल्या जाता. तलाठ्याच्या अहवालापासून प्रांत कार्यालयापर्यंत कागद फिरायला वेळ लागतो, निकाल लागल्यावर सेतूच्या रांगेत उभं राहू नका. आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रत्येक वर्षी नूतनीकरण करावा लागतो, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. आधारशी जोडलेलं बँक खातं चालू ठेवा, रक्कम त्याच खात्यात येते.

---

हळदपेठ

आयर्विनकरांशी पदवीबद्दल सहमत, पण ‘कोड वाचता आला की मार्केटिंगही जमतं’ हा सूर पटला नाही. मार्केटिंग कम्युनिकेशन हा स्वतंत्र धंदा आहे. अहमदाबादचं मायका १९९१ पासून तेवढंच शिकवतंय आणि त्यासाठी स्वतःची वेगळी मायकॅट परीक्षा घेतं. पुण्यात लवळ्याला सिम्बायोसिसची माध्यम आणि संवाद संस्था आहे, प्रवेश सिम्बायोसिसच्याच स्नॅप परीक्षेतून. दोन्ही ठिकाणची फी एमसीएच्या कितीतरी पट. तिथे मुलाखतीत कोड विचारत नाहीत, लिहिलेलं दाखव म्हणतात.

तेव्हा ताईंना ही वाट उघडी ठेवायची असेल तर एमसीए करता करता तीन गोष्टी हातात हव्यात.

मजकूर: तासगावच्या बेदाण्याचं, सांगलीच्या हळदीचं किंवा साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं एक उत्पादन घ्या आणि त्याची पूर्ण मोहीम कागदावर करा. ग्राहक कोण, त्याला आत्ता काय वाटतं, काय वाटायला हवं, एकच वाक्य कोणतं, कुठल्या माध्यमात किती पैसे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे पाकिटावर छापणं आणि गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग समजावणं यात जी दरी आहे, तिथेच कॉपी (जाहिरातीचा मजकूर) लागते. दहा पोस्टर करण्यापेक्षा एक मोहीम पूर्ण करा.

मापन: इथे कोडवाली माणसं पुढे जातात, हे मान्य. गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये (संकेतस्थळावर कोण येतं ते मोजणारं साधन) सविस्तर डेटा मुळात दोनच महिने राहतो, सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करावा लागतो. मोहीम संपल्यावर गेल्या वर्षीशी तुलना करायला बसतात तेव्हा कळतं की माहितीच नाही. ईमेलचा ओपन रेट (किती जणांनी उघडला) तर आता निर्णय घ्यायच्या लायकीचा राहिला नाही. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक, उत्तर आणि खरेदी मोजा.

तिसरं, नियम. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची इन्फ्लुएन्सर मार्गदर्शक तत्त्वं आणि ग्राहकाची माहिती वापरण्याच्या संमतीचा कायदा वाचून ठेवा. यावर सिक्युरिटीवाल्यांनी बोलावं.

---

तारळी_०७

सिक्युरिटीच्या बाजूने. या क्षेत्रात फ्रेशरला ‘हॅकिंग’ करायला कोणी घेत नाही. सुरुवात बहुधा दोन ठिकाणी होते. एक, एसओसीमध्ये (सुरक्षा देखरेख केंद्र) पाळीत बसून अलर्ट बघणं. दोन, ऑडिट आणि अनुपालन. दुसऱ्यात लिहिता-बोलता येणाऱ्याला मान आहे आणि ती बाजू तुमच्या स्वभावाला जवळची दिसते.

घरी प्रयोगशाळा उभी करायला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. ८ जीबीवर प्रयत्न कराल तर दोन व्हर्च्युअल मशीन चालू होताच तिसरं अडकतं. व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात एक काली (हल्ल्याची साधनं असलेलं), एक मेटास्प्लॉइटेबल २ (बळी), एक विंडोज आणि एक वाझू (नजर ठेवून अलर्ट देणारं). वाझूला एकट्यालाच चार कोअर आणि ८ जीबी द्या, ५० जीबी डिस्क, तेवढं २५ एजंटपर्यंत (नजरेखालची मशीन) चालतं. म्हणजे सगळं एकदम चालू ठेवू नका, हल्ला करणारं आणि बळी एवढीच जोडी वाझूबरोबर उठवा. विंडोजवर सिसमॉन (घडामोडी नोंदवणारं साधन) बसवल्याशिवाय वाझूला बघण्यासारखं फार काही मिळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, मेटास्प्लॉइटेबलचं नेटवर्क होस्ट-ओन्लीवर (फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं) ठेवा. ब्रिज्ड ठेवलं तर मुद्दाम भोकं ठेवलेलं ते मशीन घरच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर सगळ्यांना दिसतं. व्हर्च्युअलबॉक्स कासवासारखं चाललं तर विंडोजमधलं हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं तसंच सॉफ्टवेअर) चालू आहे का ते आधी बघा.

प्रमाणपत्रं: सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं प्रमाणपत्र शिकताना करता येतं. सध्याची आवृत्ती ७०१, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटे, ९०० पैकी ७५० ला पास, तीन वर्षं वैध. सीआयएसए (ऑडिटचं) आणि सीआयएसएसपी (सुरक्षेचं) यांना पाच वर्षांचा अनुभव लागतो, सीआयएसएमध्ये शिक्षणाच्या बदल्यात काही वर्षांची सूट मिळते. परीक्षा आधी देता येते, पण प्रमाणपत्र अनुभवानंतर. ‘सहा महिन्यांत सीआयएसएसपी’ म्हणून फ्लेक्स लावणाऱ्या क्लासला हाच प्रश्न विचारा.

ऑडिटकडे वळायचं तर आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाची २०२२ ची आवृत्ती वाचा. परिशिष्ट ‘ए’मध्ये आता ९३ नियंत्रणं चार गटांत आहेत: संघटनात्मक ३७, माणसांची ८, भौतिक १४, तांत्रिक ३४. जुन्या नोट्समध्ये ११४ आणि १४ गट लिहिलेले असतात, त्या बाजूला ठेवा.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांचं एक खास आहे. इथे नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था भरपूर. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट घालून दिली. बँकेचे डिजिटल व्यवहार जितके खोल, तितकी पातळी वर. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली होती. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या निबंधकाखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत नाही. हा फरक न करता ‘सहकारी बँकांची सायबर सुरक्षा’ असं शीर्षक देऊन दोन्हींचा एकच तक्ता करणारे प्रोजेक्ट परीक्षक पहिल्याच पानावर उडवतो.

संमतीचा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांचा अवधी आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत. मार्केटिंगवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते हे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यावी लागते. आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं. साइन-अपला एक टिचकी आणि नाव काढायला ‘शाखेत येऊन अर्ज द्या’, हे चालणार नाही.

---

चारभिंती_२१

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं अपेक्षित नव्हतं. एमसीए, कॅपमधून, हे जवळपास ठरलं.

आयर्विनकर दादा, ‘तिन्ही जिथे अडकतात असा विषय’ म्हणालात, एखादा उदाहरणादाखल सांगाल का? मॅडम म्हणतात ‘ऑनलाइन बँकिंगबाबत ग्राहकांची जागरूकता’ घे, १०० जणांची प्रश्नावली.

---

आयर्विनकर

१०० जणांची प्रश्नावली आणि पाय चार्ट, हा महाराष्ट्रातला सर्वात मोठा कुटीरोद्योग आहे. मॅडमना न दुखवता विषय थोडा वळवा.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं. नोंदणी फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडून. कारण साधं, कोणीही उठून बँकेसारख्या नावाचं डॉट कॉम घेत होतं, हे डोमेन मात्र फक्त बँकेलाच मिळतं. आता मुदत उलटून गेली आहे, म्हणजे ‘पत्ता बदलल्यावर काय काय मागे राहिलं’ हे बाहेरून तपासता येतं. इन्फर्मेशन सिस्टिम म्हणून हे स्थलांतर आहे, सिक्युरिटी म्हणून फिशिंगविरोधी उपाय, आणि संवाद म्हणून लाखो ग्राहकांना ‘आमचा पत्ता बदलला’ हे सांगणं.

गंमत बघा, ‘बँकेचा पत्ता बदलला, इथे क्लिक करा’ हा अगदी फिशिंगवाल्याचा मजकूर आहे. त्यामुळे बँकेने हा निरोप लिंकशिवाय द्यायला हवा. नवा पत्ता अक्षरात लिहा, ग्राहकाला स्वतः टाइप करायला सांगा, शाखेत आणि पासबुकवर तोच पत्ता छापा. बँकांनी प्रत्यक्षात काय केलं, हे गोळा करा. हा तुमचा संवादाचा भाग झाला.

तांत्रिक भागात जुनं आणि नवं डोमेन जोडीने तपासा. जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (आपोआप कायमचं वळण) आहे का, आणि फक्त मुखपृष्ठ वळतंय की आतली पानंही. जुन्या डोमेनचं टीएलएस प्रमाणपत्र (जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला) चालू आहे का, कारण ते संपलं की रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर लाल पाटी दाखवतो आणि ग्राहक घाबरतो. गुगलच्या सर्च कन्सोलमधलं पत्ता-बदलाचं साधन १८० दिवस काम करतं, पण रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. बँकेने तर जुनं डोमेन कधीच सोडू नये. ते सुटलं की जुन्या पासबुकवरचे क्यूआर कोड दुसऱ्या कोणाच्या हातात जातात.

मग ईमेल. नव्या डोमेनला एसपीएफ (कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं) तिन्ही आहेत का. हे डीएनएसमधले (डोमेनची नोंदवही) सार्वजनिक उतारे आहेत, एनएसलुकअप या आज्ञेने टीएक्सटी नोंद मागितली की दिसतात, कोणाची परवानगी लागत नाही. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी, मग दोन्ही बाद. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस शोध, प्रत्येक एजन्सीने आपापलं ‘इन्क्लूड’ घुसडल्यामुळे. २०४८ बिटांची डीकेआयएम किल्ली २५५ अक्षरांच्या मर्यादेत न बसल्याने मध्येच तुटलेली. डीमार्कचं धोरण ‘नन’वर ठेवून विसरलेलं. ‘नन’ म्हणजे फक्त अहवाल द्या, अडवू नका. दोन-तीन महिने अहवाल वाचून ‘क्वारंटाइन’ आणि मग ‘रिजेक्ट’वर जायचं असतं. आणि ज्या जुन्या डोमेनवरून आता मेल पाठवायचेच नाहीत, त्याला लगेच ‘कोणालाही परवानगी नाही’ असा एसपीएफ आणि ‘रिजेक्ट’ लावायला हवं. हे विसरलेलं डोमेन म्हणजे कुलूप न लावलेलं जुनं घर. येणारे मेल मात्र काही काळ घेत राहा.

डीकेआयएम बाहेरून तपासताना एक अडचण येईल: सिलेक्टरचं (किल्लीच्या नोंदीचं) नाव माहीत नसेल तर नोंद सापडत नाही. म्हणून ‘नाही’ लिहू नका, ‘तपासता आलं नाही’ लिहा. बँकेचा एखादा मेल हाती असेल तर त्याच्या हेडरमध्ये सिलेक्टर मिळतो.

हे मार्केटिंगलाही थेट भिडतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला हे तिन्ही बंधनकारक आहेत. शिवाय प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकची वर्गणी-रद्द सोय हवी आणि स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली हव्यात. मोहीम पडली की कॉपी वाईट म्हणतात, बऱ्याचदा डीएनएस वाईट असतं.

नमुना: रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नागरी सहकारी बँकांची यादी आहे. त्यातून सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत मुख्यालय असलेल्या सगळ्या घ्या. नमुना निवडायचा प्रश्नच राहत नाही, सगळा समूहच आला. एकाच दिवशी सगळ्या नोंदी उतरवा, तारीख-वेळ लिहा, महिन्याने पुन्हा उतरवा.

---

तारळी_०७

दोन सावधगिरीचे मुद्दे जोडतो. डीएनएस वाचणं आणि पान उघडून बघणं इथपर्यंत ठीक. एनमॅपसारखं स्कॅनर लावून पोर्ट तपासायला जाऊ नका, लॉगिन पानावर काही टाकून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमात विनापरवानगी प्रवेश बसतो आणि ‘प्रोजेक्टसाठी केलं’ हा बचाव नाही. ग्राहकांना खोटा फिशिंग मेल पाठवून बघायची कल्पना कोणी सुचवेल, तीही बँकेच्या लेखी परवानगीशिवाय नको. अहवालात बँकांची नावं न देता क्रमांक द्या. गंभीर काही दिसलं तर आधी बँकेला आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवा.

जागरूकतेचा भाग ठेवायचाच असेल तर पूर्व-उत्तर चाचणी करा. दहा संदेश दाखवा, पाच खरे पाच खोटे, मग अर्धा तास समजावून सांगा, मग नवे दहा दाखवा. तीच माणसं दोनदा मोजताय, म्हणून एका संदेशाच्या बरोबर-चूकसाठी मॅकनेमार चाचणी, साधा काय-स्क्वेअर नाही. काय-स्क्वेअर इतरत्र वापरलात तर अपेक्षित संख्या पाचाखाली गेलेले रकाने आधी बघा, वयाचे सहा गट पाडले की ते हमखास होतं. आणि फक्त ‘खोटे किती ओळखले’ मोजू नका. प्रशिक्षणानंतर लोक सगळ्यालाच खोटं म्हणायला लागतात, खरे संदेश नाकारण्याचं प्रमाणही मोजा.

---

हळदपेठ

एसएमएस राहिला. आपल्याकडे बँकेचा खरा संवाद ईमेलवर नाही, एसएमएसवर होतो.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखाली पाठवणाऱ्या संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीवर नोंदणी लागते. साच्यात बदलत्या जागा सोडून एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी संदेश अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातला दुवाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे डोमेन बदललं की जुन्या पत्त्याचे सगळे साचे पुन्हा मंजूर करून घ्यायचे. हे काम आयटी विभागाचं की मार्केटिंगचं, यावर बँकांत घोडं अडतं. २०२५ पासून हेडरच्या शेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर येतं: प्रचार, सेवा, व्यवहार, सरकारी. ग्राहकाला हे कोणी सांगितलेलंच नाही, तुमच्या प्रश्नावलीत घाला.

आणि मराठीचा खर्च. इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा एक, मराठी ७० चा. लांबला तर मराठीचा प्रत्येक तुकडा ६७ चा. १५० अक्षरांचा मजकूर इंग्रजीत एक एसएमएस, मराठीत तीन. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ लिहिलं की सहा गेले. म्हणून बँका इंग्रजीत पाठवतात, आणि ज्याला सावध करायचं त्यालाच ते वाचता येत नाही. ७० अक्षरांत बसणारे मराठी सूचना-संदेश लिहून त्यांची इंग्रजी संदेशांशी तुलना करा. तुमच्या मजकुराच्या ओढ्याला इथे काम मिळेल आणि मायकाच्या मुलाखतीलाही दाखवता येईल.

---

चारभिंती_२१

हा विषय घेतेच. शेवटचा एक: मैत्रीण म्हणते एवढं करण्यापेक्षा बाहेर जा. बीसीएसवर होतं का?

---

माहुली_घाट

ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते, मास्टर्स एक वर्षाचं. लंडनजवळचं रॉयल हॉलोवे १९९२ पासून इन्फर्मेशन सिक्युरिटीचं एमएस्सी चालवतंय. पण शिक्षणानंतर थांबायचा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा होतोय, कर्जाचं गणित त्यावर करा.

अमेरिकेत बरीच विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात, बीसीएस १५ वर बसतं. एमसीए झाल्यावर ही अडचण उरत नाही. तिकडे अर्ज करताना कोर्सच्या नावावर जाऊ नका, आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) येणारा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) विचारून घ्या. सिक्युरिटीचा ११.१००३ हा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत आहे, म्हणजे ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायची मुभा) १२ महिने आणि वर २४. मार्केटिंग कम्युनिकेशनच्या कोर्सला तीच वाढ मिळेल असं धरू नका, कोड लेखी मागा. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रांची पडताळणी) आधी काढावं लागतं, आणि तिथे पदवीच्या नावापेक्षा कुठल्या विषयाचे किती क्रेडिट झाले ते बघतात.

तिन्हीकडे शिवाजी विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की अर्ज टाकून ठेवा, प्रती मागाल त्यापेक्षा दोन जास्त घ्या. आणि गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट यांवरचं नाव एकाच क्रमाने आहे का ते आत्ताच बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात जातं, आणि तिकडचा क्लार्क दोन माणसं समजतो.